न धुतलेलं आतडं

आईला दिवसातून दोनदा इन्सुलिनची सुई टोचावी लागे. पोटावर, मांडीवर जागा उरली नव्हती. म्हणून एम. फार्म.ला मी हट्टानं विषय घेतला: इन्सुलिन गोळीतून द्यायचं. इन्सुलिन म्हणजे प्रथिन; जठरात गेलं की वरणासारखं पचून जातं. पण गोळीला गवारीच्या डिंकाचा जाड लेप दिला, तर ती मोठ्या आतड्यापर्यंत शाबूत पोचते आणि तिथले जंतू डिंक खाऊन तिला उघडतात. कागदावर तरी असंच होतं.

आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, नाशकात बसून हे होणार नाही. दिवाळीपर्यंत गोळी उघडली नाही तर विषय बदलायचा, तापाच्या गोळीवर काम करायचं. मी मनात म्हटलं, बघू या कोण थकतं ते.

जुन्या नाशकातल्या एका खाटकाकडून मी बोकडाचं मोठं आतडं आणायचे. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी अंडं खाल्लेलं नाही, आणि मी थर्मासमधून आतडी नेतेय! तुकड्यात गोळी बांधायची, कोमट मिठाच्या पाण्यात ठेवायची. तीनदा ठेवली. तिन्ही वेळा गोळी ढिम्म. सर नुसते हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

चौथ्यांदा दुकानात लवकर पोचले आणि बघते तर काय, खाटीकदादा आतड्याला चुना लावून गरम पाण्यानं खसाखसा धुतायत. वजडीच्या, म्हणजे आतडी शिजवून खाणाऱ्या गिऱ्हाइकाला धुऊनच देतात; मी शिकलेली मुलगी, म्हणून माझं दोनदा धुवायचे. जंतू सगळे गटारात. कच्चं आतडं कसं दिसतं हे मला शाकाहारी बाईला काय कप्पाळ ठाऊक!

"दादा, घाणीसकट द्या," मी म्हटलं.

ते धुता धुता थांबले. "ताई, मग खानार कसं?"

त्या संध्याकाळी गोळी उघडली. ते भांडं मी वासासकट सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. विषय बदलला नाही.

पुढे कळलं, गोळी उघडते, पण आतड्यातून रक्तात जाता जाता इन्सुलिन जवळजवळ उरतच नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं तेच धरलं, रोग्याला मग याचा उपयोग काय?

"आज काही नाही," मी म्हणाले. "सकाळी मीच आईला सुई टोचून आलेय. पण अडतं कुठे ते आता कळलंय. मी सोडणार नाही."

आईची सुई शेवटपर्यंत सुटली नाही. ती गेली त्या दिवशी सकाळची सुईही मीच टोचली. तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी प्रयोगशाळेत हजर होते.