दाजी खाली उतरले

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे नवरे, टॉवर क्रेन चालवायचे. खाली वॉकीटॉकी घेऊन सिग्नल द्यायला मी असायचो. साइटवर त्यांना सगळे 'वरचे' म्हणत. "वरच्यांची मर्जी झाली तर सळ्या येतील," असं म्हणून गवंडी हसायचे. माणूस अबोल, पण हात असा हलका की पाण्यानं भरलेली टाकी उचलली तरी थेंब हिंदकळायचा नाही.

क्रेनच्या केबिनमध्ये संडास नसतो. शिडीनं खाली यायचं आणि परत चढायचं, तोवर सगळं काम खोळंबतं. दाजींना पोटाचा त्रास सुरू झाला तेव्हा त्यांनी त्यावर स्वतःच उपाय काढला: सकाळी काही खायचंच नाही. ताईला वाटलं, वजन कमी करायचं मनावर घेतलंय. पट्ट्याला नवं भोक पाडायची वेळ आली तेव्हा तिला शंका आली. मग एके दिवशी ते बाथरूममध्ये स्वतःची पँट धुताना सापडले. बादलीतलं पाणी लाल होतं.

मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा, असं निदान झालं. गोळ्यांनी तोंड भोपळ्यासारखं फुगलं, पण रक्त थांबलं. ते थांबलं की दाजी गोळ्या सोडून देत, परत सुरू झालं की परत गोळ्या. वर्षानुवर्षं हेच चाललं. डॉक्टरीणबाई दर वेळी बजावत, "आजार जुना झाला की दुर्बिणीनं आतडं तपासत राहायला हवं. बरं वाटत असलं तरी." दाजी मान डोलवत आणि बाहेर आले की म्हणत, "चालत्या गाडीचं इंजिन कोण उघडतं?"

पुढे तर ते अगदी ठणठणीत झाले. निदान आम्हाला तसं वाटलं.

एका दुपारी काँक्रीटची बादली अधांतरी असताना वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज आला. "खालची माणसं बाजूला घे."

"काय झालं?"

"आधी माणसं हलव."

मी ओरडून जागा मोकळी केली. बादली नेहमीसारखी अलगद टेकली. त्यानंतर आवाजच नाही. मी हाका मारून दमलो, मग शिडी चढून गेलो. दाजी कपाळ काचेला टेकून बसले होते. पांढरेफटक, घामानं डबडबलेले.

"डोळ्यांपुढं अंधारी आली," ते म्हणाले. "उतरताना माझ्या खालच्या पायरीवर राहा. हातापायांत जीव नाही माझ्या."

तपासलं तर अंगात रक्तच उरलं नव्हतं. ते आतल्या आत, दिसणारही नाही असं थोडंथोडं जात होतं. मग दुर्बीण घातली, आतड्यातल्या गाठीचा कण तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला.

"पण सूज उतरली होती ना?" ताईनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"वरवर. आत धुमसत होती." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "शरीरात रोगाशी लढणारे शिपाई असतात, आणि त्या शिपायांना आवरणाऱ्या पेशीही असतात. ह्यांच्या आतड्यात त्या आवरणाऱ्या कमी पडल्या. मग शिपाई आपल्याच घराची मोडतोड करत राहिले. अस्तर फाटायचं, शरीर ते शिवायचं, परत फाटायचं. इतकं शिवताना कधीतरी टाका चुकतो. तिथून गाठ."

"मग शिपाई त्या गाठीला का मारत नाहीत?" मी विचारलं.

"कारण आता आवरणाऱ्या पेशी गाठीभोवतीच गोळा होतात आणि शिपायांना मागे ओढतात. काही तर फितूर होतात. आवरायचं सोडून स्वतःच आगीत तेल ओततात."

"म्हणजे आमचा सुपरवायझर," दाजी म्हणाले. "हवा तेव्हा गायब, नको तेव्हा डोक्यावर."

डॉक्टरीणबाई हसल्या. ताई हसली नाही.

"गाठ आहे तेवढाच भाग काढता येणार नाही का?" दाजींनी विचारलं.

"उरलेलं आतडंही त्याच आगीत होरपळलंय. आज इथे, उद्या तिथे. सगळं मोठं आतडं काढावं लागेल. आणि गाठ अगदी खाली आहे, त्यामुळे शौचासाठी पोटावर पिशवी. कायमची."

दाजी उठून बाहेर गेले. पुढचे कित्येक दिवस ते ऑपरेशनला हो म्हणेनात. ताईनं समजावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेवटी एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता तिचा संयम सुटला.

"नक्की कसली वाट बघताय तुम्ही?"

"पिशवी लावून शिडी कशी चढू?"

"तुम्हाला शिडीचं पडलंय?"

"मला दुसरं येतं काय?"

ताई हातातली चादर तशीच धरून थांबली. "नसेल येत. पण शिकायला माणूस जिवंत लागतो."

ऑपरेशन झालं. शेजारच्या दोन ग्रंथींतही कॅन्सर सापडला, म्हणून वर केमोची औषधंही चढवली. दाजी निम्मे झाले. पिशवीला ते आधी हात लावत नसत. ताई बदलायची आणि ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. हळूहळू स्वतः बदलू लागले. मालकानं स्टोअरमध्ये बसायचं काम दिलं आहे. कधी जातात, कधी दारापासूनच परततात. क्रेनवर नवा माणूस आहे. त्याचा हात जड आहे, पण ते मी घरी बोलत नाही.

परवाच्या स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. मी मिठाई घेऊन गेलो. दाजींनी खोक्याकडे बघितलंही नाही.

"रिपोर्ट चांगला आहे, दाजी. तुम्हालाही बरं वाटतंय ना?"

"बरं वाटतं तेव्हाच जास्त भीती वाटते रे," ते म्हणाले. "मागच्या वेळीही बरंच वाटत होतं."

ताईनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं. "मग घाबरत घाबरत जेवा," ती म्हणाली. "पण जेवा."