चाँदबीनं सोडलेला रोजा

करमाडच्या चाँदबी दाईला शेजारच्या उस्मानमियाँचं तोंड पाहिलं तरी शिसारी यायची. त्याला स्वतःला कणकण आली की रमजानात भरदुपारी भाकरी हाणायचा आणि "बीमारीत सवलत आहे" म्हणून मिशी पुसायचा. दुसऱ्याचे ओठ ओले दिसले की मात्र त्याच्यातला काझी जागा व्हायचा.

अठ्ठ्याहत्तर सालचा रमजान ऐन नामांतराच्या दंगलीत आला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि खेडोपाडी दलितांच्या वस्त्या जळू लागल्या. एसटी बंद. चिकलठाण्याच्या कारखान्यांत जाणारे घरी बसले. अशात एका दुपारी पलीकडच्या खेड्यातली भागूबाई पिकांतून लपत आली आणि चाँदबीच्या दारात कोसळली. घर जळालेलं, नवऱ्याचा पत्ता नाही, आणि कळा सुरू.

उस्मानमियाँ ओट्याखालूनच ओरडला, "ये झगडा अपना नहीं! हिला बाहेर काढ, चाँदबी."

"आधी तू चालता हो," म्हणत तिनं कवाड लोटलं.

पोर पायाळू होतं. चाँदबी पहाटेच्या सहरीपासून कोरडी. उन्हं कलली तशी तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली.

"मावशे, पानी पी," भागूबाई कण्हत म्हणाली. "तू पडलीस तर आमी दोघं बी जातो."

चाँदबीनं तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं, वर गुळाचा खडा चावला आणि पुन्हा कामाला लागली. संध्याकाळच्या अजानच्या आधी पोरगी टाहो फोडून रडली.

दुसऱ्या दिवशी उस्मानमियाँनं मशिदीत गवगवा केला, "रोजा तोडला, आन् तो बी कुनासाठी!"

म्हातारे पेशइमाम वैतागले. "जीव वाचवायला रोजा सोडता येतो. ईदनंतर एक ठेवील, झालं. दीन-धर्म सोपा आहे मियाँ, तुम्हीच त्याला काटे लावता."

हे कळल्यावर चाँदबी नुसती थुंकली. तिनं विचारलंच कुणाला होतं?

भागूबाईचा नवरा सापडला. दोघं लेकीला घेऊन गारखेड्याकडं बांधकामावर गेली. ईद झाल्यावर चाँदबीनं राहिलेला रोजा गुपचूप धरला.

थंडीत उस्मानमियाँची सून अडली, तसा तो हात जोडून दारात आला. "चाँदबीआपा, चला."

ती गेली, त्या पोरीसाठी. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटल्यावर त्यानं चहा पुढं केला. चाँदबीनं हात धुतले, पदर सारखा केला आणि कपाकडं न बघता घर गाठलं.