पिवळ्या कार्डाचं ताट

कस्तुरा ओव्हाळ यांना कुणी नमतं घ्यायला सांगितलं की त्यांचा आवाज आणखी वर चढतो. हा स्वभाव धंद्याला बरा नाही, असं त्यांचा नवरा बुद्धरत्न लग्नापासून सांगतो आहे आणि त्या ऐकल्यासारखं करून कांदा चिरत आहेत. चिखलीत घरगुती डबे करता करता त्यांना चाकणच्या एका कारखान्याचं कॅन्टीन मिळालं. तिथं गाड्यांच्या सीटचे सांगाडे बनतात. बुद्धरत्न टेम्पो चालवतो, चिखलीच्याच दहा-बारा बाया हाताखाली आहेत आणि या सगळ्यांची चूल त्या एका कंत्राटावर पेटते.

कारखान्यात माणसं दोन जातींची. पर्मनंट कामगारांच्या गळ्यात निळं कार्ड, कंत्राटी पोरांच्या गळ्यात पिवळं. मशीन तीच, शिफ्ट तीच, पगाराचं मात्र नाव काढू नका. जेवणाचे काउंटरही दोन होते. निळ्यांचा पंख्याखाली, पिवळ्यांचा आत, भांडी घासायच्या मोरीजवळ. कस्तुराताईंनी ते तसेच चालू दिले, पण डाळ एकाच पातेल्यातून दोन्हीकडे जात होती. कुणी हरकत घेतली नाही, कारण कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग मालोजी जगदाळे यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. जगदाळे कंपनीचे अॅडमिन मॅनेजर. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. कॅन्टीनचं कंत्राट कस्तुराताईंना मिळालं ते त्यांच्याच शब्दावर. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. इथं तसं नव्हतं.

"ताई, गाडीवाल्या कंपनीनं पुन्हा आमच्या मालाचा भाव खाली ओढला," ते म्हणाले. "पोलाद स्वस्त होत नाही, वीज स्वस्त होत नाही. कुठंतरी कात्री लावावीच लागणार. कंत्राटी मुलांच्या ताटातलं दही आणि गोड काढा, एकच भाजी ठेवा, डाळ जरा पातळ करा."

"फक्त त्यांच्याच?"

"पर्मनंटच्या जेवणाचा युनियनशी करार आहे. त्याला हात लावला तर संप होईल."

कस्तुराताईंनी तिथल्या तिथं तोड सुचवली. सगळ्यांचंच गोड आठवड्यातून एकदा करू, साहेब लोकांच्या जेवणातलं पनीर आणि तळण बंद करू, हिशेब बसतो. जगदाळ्यांनी नकारार्थी मान हलवली. साहेब लोकांचं काढता येत नाही, निळ्यांचं काढता येत नाही.

"म्हणजे ज्याच्याकडं करार नाही, त्याच्या पोटातून काढायचं," कस्तुराताई म्हणाल्या.

"धंदा आहे, ताई. भावनेनं चालत नाही."

"धंदा मीही करते, साहेब."

कस्तुराताई केबिनचं दार आपटून बाहेर पडल्या. त्यांची आई मंजुळाबाई पिंपरीतल्या एका कारखान्यात झाडलोट करायची. सगळ्यांना चहा यायचा, तिलाही यायचा, पण तिचा कप संडासाच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. कुणी शिवी देत नव्हतं, कुणी हाकलत नव्हतं. नुसता कप वेगळा. मंजुळाबाईंनी तो कप एक दिवस फरशीवर आपटला आणि मरेपर्यंत त्या कारखान्याचा चहा घेतला नाही. अशा बाईच्या लेकीला वेगळं पातेलं ठेवायला सांगणं, ही जगदाळ्यांची चूक म्हणायची की अजाणतेपणा, ते तुम्हीच ठरवा.

घरी बुद्धरत्न म्हणाला, "आपण नाही केलं तर दुसरा कोणी करेल. पोरांना तेच डाळीचं पाणी मिळेल आणि आपण घरी बसू."

खरं होतं ते. "दुसऱ्यानं करू दे," एवढंच कस्तुराताई म्हणाल्या, "माझ्या हातानं नाही."

एक तारखेला जेवणाची सुट्टी झाली आणि कॅन्टीनमध्ये गोंधळ उडाला. निळ्यांच्या ताटात पातळ डाळ, एक भाजी, दही नाही. पिवळ्यांच्या ताटात तेच. काचेपलीकडं साहेब लोकांच्या टेबलावरही तेच. कुणीतरी ताट वाजवायला लागलं, मग सगळेच वाजवायला लागले.

युनियनचे पुढारी बबनराव थेट भटारखान्यात घुसले. "कस्तुराताई, आमचं दही कुटं हाय?"

"तुम्हाला माहीत नाही? पिवळ्यांचं काढायचं ठरलं, तेव्हा तुम्हाला विचारलं होतं ना साहेबांनी?"

"इचारलं व्हतं. पर आमच्यातलं न्हाई काढायचं, असं ठरलं व्हतं."

कस्तुराताई हे मुद्दाम मोठ्यानं बोलत होत्या आणि बबनरावही नेहमीच्या सवयीनं मोठ्यानंच बोलले. मोरीजवळच्या काउंटरवरची पोरं घास हातात धरून बघत राहिली. आपल्या ताटाचा सौदा झाला होता, हे त्यांना तेव्हाच कळलं.

तेवढ्यात जगदाळे आले. हातात त्यांचंच ताट, अर्ध्याहून जास्त तसंच. "हे काय पाणी वाढलंय?"

"तुम्ही ठरवलेलं ताट आहे, साहेब. मी कमी-जास्त काही केलं नाही. तुमच्या घशाखाली उतरत नाही ते मी आठ तास लोखंड उचलणाऱ्या पोराला कसं वाढू?"

जगदाळ्यांचा चेहरा उतरला. पण खुर्ची माणसाला मागं फिरू देत नाही. "उद्यापासून दोन ताटं, नाहीतर महिनाअखेर दुसरा माणूस बघतो."

"बघा की. त्याच्याकडून आधी हे ताट मागवून जेवून बघा. पण महिनाअखेरपर्यंत भटारखाना माझा आहे. उद्या सगळ्यांना पूर्ण जेवण, माझ्या नफ्यातून. ताट एकच."

नफा कसला, पदरचेच जाणार होते. घरी परतताना टेम्पोत बुद्धरत्न मोशीपर्यंत मनातल्या मनात हिशेब मांडत राहिला. मग म्हणाला, "दही जास्त घ्यावं लागेल उद्या." कस्तुराताईंना रडू आलं ते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी दोन भाज्या होत्या, घट्ट डाळ होती, दही होतं. पंख्याखालच्या काउंटरवर मात्र बाक उलटं टाकलेलं होतं. बबनराव आपली माणसं घेऊन तिथं आले आणि थबकले.

"हा काउंटर बंद का?"

"आजपासून बंद. पोरं आधी आलीत, बबनराव. त्यांच्या मागं उभे राहा."

मोरीपासून दारापर्यंत पिवळी कार्डं उभी होती. पहिल्यांदाच ती पोरं खाली बघत नव्हती. बबनरावांनी मागं वळून आपल्या माणसांकडं पाहिलं.

मग त्यांनी ताट उचललं आणि ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.