तंबूतून गेलेलं इन्सुलिन

आफ्रिकेचे फोटो एवढेच का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. फोटो पहिल्या संध्याकाळचेच आहेत. पुढचं तुमच्या अम्मीला तुकड्यातुकड्यांनी कळलं आहे. तुम्हाला मी क्रमाने सांगते. ती वाचून दाखवेल.

ईदच्या सुट्टीत तुमच्या मामूने नानांना आणि मला दोह्याहून केनियाला नेलं. सरोवराच्या काठावर कापडी तंबू, आत पलंग, मागे न्हाणीघर. पाणी चढून रस्ता बुडालेला, त्यामुळे ये-जा होडीनेच. अंधार पडला की पाणघोडे हिंडतात, म्हणून होडी बंद. दुपारी वारा सुटला तरी बंद. हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं, आणि मला तेव्हा त्याची गंमत वाटली.

नानांच्याने अन्न टाकवत नाही. आमच्या रत्नागिरीकडच्या घरांत भाकरीचा तुकडा वाटेत दिसला तरी उचलून, ओठांना लावून उंचावर ठेवतात. दोह्यात फरीज बिन ओमरान मोहल्ल्यात आमच्या इमारतीखाली उरलेला भात मांजरांना, कबुतरांना घातल्याशिवाय त्यांचा दिवस सरत नाही. तंबूबाहेर अन्न ठेवू नका, हे कॅम्पच्या माणसांनी बजावलेलं नानांनीही ऐकलं होतं. तरी सकाळी उठून रात्रीची चपाती चुरून मागच्या दगडावर ठेवली.

मी म्हटलं, “अहो, त्यांनी बजावलंय ना?”

“पाखरांना घातलंय गो. पाखरं काय तंबू उचलून नेतील?”

आम्ही काठावर पक्षी बघायला गेलो आणि मागे बबून माकडं आली. चपाती संपवून ती तंबू फाडून आत शिरली. इन्सुलिनच्या थंड पिशवीत मी खजूरही ठेवते. नानांची साखर एकदम उतरली तर हाताशी असावेत म्हणून. खजुरांच्या वासावर पिशवी गेली. झाडाखाली सापडली तेव्हा इन्सुलिनची सगळी पेनं चावून फोडलेली होती. सकाळचं इंजेक्शन अजून घ्यायचं होतं.

मामूने होडीवाल्याच्या विनवण्या केल्या. पण तोवर वारा चढला होता, पाण्यावर फेस दिसत होता. तो मान हलवत राहिला.

“एका दिवसाने काय होतंय?” नाना म्हणाले. “उपास समजू.”

दुसऱ्या सकाळी ते उठले तेच ओकारीने. कॅम्पच्या माणसांनी वायरलेसवरून पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सला गाठलं. ती म्हणाली, इन्सुलिन इथे नाही, शहरातून आणावं लागेल. या अवस्थेत त्यांना होडीत घालू नका, पाणी पाजत राहा. मामू एकटा निघाला. होडीत बसताना एवढंच म्हणाला, “अम्मी, अब्बांना झोपू देऊ नकोस.”

मग मी त्यांना बोलतं ठेवलं. बाटलीमागून बाटली पाणी ते मागत होते. “पाणघोडा झालोय,” म्हणाले. मला हसू येईना. साखर तपासायच्या यंत्रावर आकडाच उमटेना. त्याच्या मोजण्यापलीकडे ती गेली होती. श्वास खोल, घाईचा, आणि त्याला सडक्या फळासारखा वास. दुपारी त्यांनी मला विचारलं, “पोरी शाळेतून आल्या?” तुमची अम्मी आणि मावशी. मी म्हटलं, आल्या, जेवतायत.

वारा पडायचं नाव घेईना. मी काठावर जाऊन पाहायची, परत यायची. त्या सुंदर पाण्याचा मला इतका तिटकारा आला की मी त्याच्याकडे पाठ करून नमाज पढले. दुआ नीट सुचेना. उन्हं कलली तेव्हा मनात मी त्यांना रत्नागिरीला कसं न्यायचं, कुणाला कळवायचं, याची जुळणी करू लागले. तेवढ्यात ते पुटपुटले, “मीच घातलं गो त्यांना.” मला संताप आला. मी नुसते त्यांचे पाय चोळत राहिले.

सूर्य टेकताना वारा जरा पडला आणि इंजिनाचा आवाज आला. मामू कंबरभर भिजलेला, छातीशी बर्फाचा डबा. आत इन्सुलिनची काचेची कुपी आणि साध्या सिरिंजा. मला पेनाची सवय. त्या सिरिंजवरच्या बारीक खुणा डोळ्यांतल्या पाण्याने दिसेनात. वायरलेसवर नर्स सांगत गेली, मामूने भरलं, मी टोचलं. तिच्या सांगण्यावरून पुन्हा टोचलं. लगेच काहीच झालं नाही. मामू गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून प्रत्येक श्वासाची वाट बघत होते.

बराच वेळ गेला. मी सवयीने बाटली त्यांच्या ओठांना लावली. त्यांनी ती हाताने दूर केली.

“पुरे गो. किती पाजशील?”

मग मात्र मी त्यांना असं काही बोलले की शेजारच्या तंबूतली माणसं बाहेर आली. ते डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले की मामू म्हणायचा, “अम्मी, बोल अजून. ऐकतायत ते.”