पहिला मान दादाच्या टीव्हीला

माझा थोरला भाऊ, दादा, पस्तीस वर्षं कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेत बसला. कामगार मागून त्याला 'शिट्टी' म्हणायचे. त्याला वाटायचं, आपला काय दरारा आहे! दरारा कसला डोंबलाचा. निवृत्त झाला, फाटक सुटलं. पण जित्याची खोड, माणसांच्या रांगा लावणं काही सुटेना.

घरात राउटर बसवायला माणूस आला, त्याने पासवर्ड नेमका दादाच्या हाती दिला. वर शिकवलंही, की सगळे एकदम नेट वापरायला लागले तर आधी कुणाला मिळावं, याची यादी लावता येते. झालं! माकडाच्या हाती कोलीत. दुसरा कुणी कामाची निकड बघून यादी लावेल. आमच्या शहाण्याने मानाप्रमाणे लावली. पहिला त्याचा टीव्ही, मग त्याचा मोबाईल, मग वहिनी, मग मी, मग त्याचा मुलगा. सून घरात शेवटी आली, म्हणून तिचा लॅपटॉप शेवटी. तिच्याखाली फक्त दोन वर्षांची नात, आणि तिच्याकडे फोन नव्हता.

सून वर्षभर नोकरी शोधत होती. अखेर एका ठिकाणी मुलाखत ठरली, मंगळवारी अकराला, लॅपटॉपवरच. आदल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, उद्या तासभर मला वर घ्याल का? नाहीतर टीव्ही तरी बंद ठेवा."

"आज तासभर, उद्या दिवसभर. नियम तो नियम."

"अरे, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"तू मध्ये पडू नकोस."

मंगळवारी अकराला त्याने जुनी कुस्ती लावली. निकाल तोंडपाठ असलेली! आणि पाच मिनिटांत घोरायला लागला. आतून सुनेचा आवाज येत होता, "हॅलो, ऐकू येतंय का? हॅलो?" मग ती लॅपटॉप उचलून तडक शेजारच्या शिंपिणीकडे गेली. चिंध्यांच्या ढिगाशेजारी बसून, शिंपिणीच्या नेटवर तिने मुलाखत दिली आणि नोकरी मिळवली. शाब्बास गं बाई!

महिन्याभरात मुलगा, सून, नात दुसऱ्या घरी राहायला गेले. नातीला सांभाळायला वहिनीही गेली. "चार दिवसांत येते," म्हणाली. तिसरा महिना चालू आहे.

काल दादा यादी उघडून बसला होता. "हिचा मोबाईल दिसत नाही यात," म्हणाला.

"ती इथे असेल तर दिसेल ना! फोन कर की. पहिला नंबर तुझाच आहे."

त्याने केला. वहिनीचा आवाज मलाही ऐकू आला. "थांबा हो जरा. आधी पोरीला भरवते, मग सुनेला डबा द्यायचाय. तुमचं काय, तुम्ही रिकामेच आहात."

मला हसू आलं, आणि मी ते लपवलं नाही. तासाभराने बघितलं तर दादा फोन हातात धरून तसाच बसला होता. टीव्ही बंद होता.