ठकीचे पंचवीस चिमटे

माझी ताई पळते. कोणी मागे लागलेलं नसताना, घाम निथळेपर्यंत, आणि वर हसत हसत पळते. मला जिना चढायचा म्हटलं तरी अंगावर काटा येतो. हे वेड आमच्या घरात आलं कुठून, असं मी आईलाही विचारून पाहिलं. ती म्हणते, तुझ्या वाट्याचंही तिनेच घेतलं.

ताई कपडे दुरुस्त करण्याच्या दुकानात काम करते. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, पोट सुटलेल्यांचे कोट सैल करायचे. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी पाच. भावजींची नोकरी फिरतीची, त्यामुळे ते आठवड्यातले चार दिवस नावापुरतेच. घरात पाच वर्षांची ठकी आणि दीड वर्षाचा बोका. यातून पळायला वेळ कसा काढायचा? तर अपुऱ्या कापडातून खिसा काढावा तसा तिने तो काढला. पाच ते सव्वासहा, दुकानामागच्या मैदानावर, दोन्ही पोरांसकट. पोरं सांभाळायला मामा, म्हणजे मी. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासतो, म्हणजे ताईच्या मते रिकामाच असतो.

अंतर फोनवरही मोजता येतं, पण फोन बोक्याच्या ताब्यात असायचा, नाहीतर पोरगं बाबागाडीत टिकत नाही. तसाही ताईचा फोनवर विश्वास नाही. माप म्हणजे टेप. एका सुट्टीच्या दिवशी तिने आपल्या शिवणकामाच्या टेपने, गुडघ्यांवर बसून, दीड-दीड मीटर करत मैदानाची कड मोजली. येणारेजाणारे बघत होते, मी ओळख दाखवली नाही. फेरी चारशे मीटर भरली. म्हणजे दहा किलोमीटरला पंचवीस फेऱ्या. पण पळताना तिच्या डोक्यात गिऱ्हाइकांच्या कंबरा फिरत असतात, फेऱ्या लक्षात राहत नाहीत. म्हणून तिने ठकीला कपडे वाळत घालायचे पंचवीस चिमटे दिले. आई समोरून गेली की मैदानाच्या कुंपणाच्या जाळीला एक चिमटा लावायचा. सगळे लागले की ठकी सांगायची, "झाले."

मग दुकानाच्या मालकीणबाईंनी ताईला कटिंगचं टेबल देऊ केलं. मान मोठा, पगार जास्त, पण सुटका सातला. ताईने स्वतःशीच पैज लावली. महिनाभराने एका रविवारी शर्यत होती, तीत दहा किलोमीटर तासाच्या आत झाले, तर पळणं चालू. नाहीतर बूट माळ्यावर आणि सोमवारपासून कटिंग.

महिनाभर घड्याळ सहासष्ट मिनिटांच्या खाली यायला तयार नव्हतं. शेवटच्या गुरुवारी ती माझ्याशेजारी बाकावर धपकन बसली.

"जमत नाही रे. उगाच पोरांना इथे ताटकळत ठेवते मी. पुरे आता."

"काहीतरीच काय," मी म्हटलं. मनातून मात्र सुखावलो, की सुटलो एकदाचा या मैदानातून. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

रविवारी सकाळी मी पोरांना घेऊन शेवटच्या रेषेपाशी उभा होतो. सांत्वनाची दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती. आणि ताई आली. मोठ्या घड्याळावर सत्तावन्न मिनिटं. मी बोक्याला उचलून चक्क नाचलो.

ताई नाचली नाही. धापा टाकत सरळ घड्याळ सांभाळणाऱ्या गृहस्थांकडे गेली.

"तुमचा रस्ता कमी भरलाय."

"बाई, रस्ता मोजलेला आहे."

"कशाने मोजलात?" तिने कमरेच्या पिशवीतून टेप काढली. "थांबा, मीच बघते."

वेळ चांगली लागली म्हणून भांडणारी बाई त्या गृहस्थांनी कधी पाहिली नसावी. ताई खरंच गुडघ्यांवर बसली. तेवढ्यात ठकीने तिची बाही ओढली.

"आई, नको मोजूस. रस्ता बरोबर आहे. मी चिमटे परत काढायचे."

"कधी?"

"तू पलीकडे गेलीस की. रोज चार काढायचे आणि परत लावायचे. मामाला कळायचं नाही. मामा झोपायचा."

मी घाईघाईने बोक्याचं नाक पुसायला घेतलं.

ताईने मनात बेरीज केली. पंचवीस नाही, एकोणतीस फेऱ्या. महिनाभर ती रोज साडेअकरा किलोमीटरच्या वर पळत होती, आणि जमत नाही म्हणून झुरत होती.

"का गं असं केलंस?" तिने हळूच विचारलं.

ठकी आईच्या बुटाच्या नाडीशी खेळत राहिली. "तू फेरी मारून आलीस की माझ्याकडे बघून हसतेस. टाळी देतेस. घरी नाही हसत. घरी नुसतं आटप, आटप करतेस."

ताईच्या हातातली टेप तशीच राहिली. तिने ठकीला पोटाशी धरलं आणि ती भर रस्त्यात रडली. महिनाभर मी रोज त्या पोरीच्या शेजारी बसत होतो.

सोमवारी ताईने मालकीणबाईंना सांगितलं, कटिंग नको, मी पाचलाच निघणार. त्या कुरकुरल्या आणि टेबल दुसरीला दिलं. ताईला त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही.

संध्याकाळी मैदानावर मी डोळे उघडे ठेवून बसलो. ठकीने एकही चिमटा न काढता पंचवीस लावले.

"झाले," ती म्हणाली, जरा हिरमुसूनच.

ताई थांबली. तिने घाम पुसला, जाळीवरचे चार चिमटे काढून ठकीच्या हातात दिले, टाळी दिली आणि पुढच्या फेरीला निघाली.