शेवटचं पान आधी

चहासाठी बरुआसागरचं आलं किसलं आणि तशीच परत कथेच्या खर्ड्याकडे आले. सकाळपासून खुनी कोण, हे वाचकापासून लपवायची खटपट चालली आहे. रहस्यकथा लिहिणारीचा दिवस असाच जातो. बोटांचा वास कागदाला लागला आणि ती दुपार आठवली.

मी तेव्हा शाळेत शिकत होते. ग्वाल्हेरला बाबांचं ऑपरेशन होतं. मला कांजिण्या आल्या होत्या, म्हणून आई माझ्यापाशी राहिली आणि काका तिकडे गेले. सीपरी बाजारातल्या आमच्या घरात आम्ही दोघी फोनची वाट बघत होतो. आलं किसता किसता आई उठली, पदराला हात पुसले, मी भाड्याने आणलेली जासूसी कादंबरी उचलली आणि नेहमीसारखं थेट शेवटचं पान उघडलं.

"आई, सगळी मजा जाते गं अशाने," मी कुरकुरले.

"जाऊ दे. शेवटी कोण जगतं ते कळलं, की मी पहिल्यापासून निवांत वाचते." मग फोनकडे बघत ती हळूच म्हणाली, "निदान इथे तरी आधी बघता येतं."

मला तेव्हा नुसता राग आला होता. बाबा बरे होऊन घरी आले. पुस्तक परत घेताना दुकानदार ते हुंगून हसला, "बिटिया, फिर अदरक?"

आज संध्याकाळी आईचे रिपोर्ट यायचे आहेत. खर्ड्यात मन लागेना. कालच आणलेली एक नवी रहस्यकथा शेजारी पडली होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी पुस्तक मागून उघडलं.